दवाखान्याचा अर्थव्यवहार

खाजगी व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरास आपला दवाखाना अथवा शुश्रूषागृह चालविताना शुल्काची निश्चिती व वसुली, नोकरवर्गाचे वेतन, औषधांचा व उपकरणांचा साठा, सरकारी नोंदण्या आणि करभरणा यांची जी व्यवस्था ठेवावी लागते, तिचा समावेश दवाखान्याच्या अर्थव्यवहारात होतो. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः महाराष्ट्रातील आधुनिक वैद्यकाच्या व्यवसायाचा विचार केला आहे.

या व्यवहाराचे स्वरूप काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे दोनदा, निरनिराळ्या निमित्ताने आला. डॉ. देवेंद्र सुरती विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात १९६८ साली न्यायालयाने असे ठरविले की, स्वतःच्या विद्येवर व कौशल्यावर चालणारा डॉक्टरचा खाजगी दवाखाना ही १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियमातील ‘व्यापारी आस्थापना’ नव्हे. पुढे इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात, १३ नोव्हेंबर १९९५ रोजी, त्याच न्यायालयाने मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. वरवर पाहता हे निर्णय एकमेकांस छेद देणारे वाटतात. परंतु डॉक्टर हा व्यापारी नसला तरी घेतलेल्या पैशाबद्दल तो उत्तरदायी आहे, एवढाच त्यांचा एकत्रित अर्थ आहे, आणि दवाखान्याचे दप्तर कसे ठेवावे याचे सारे विवेचन त्यातूनच निघते. दुसऱ्या निर्णयानंतर व्यावसायिक दायित्वाच्या विम्याचा हप्ता हा खर्चाच्या बाजूस कायमचा येऊन बसला, आणि पूर्वी केवळ स्मरणासाठी लिहिला जाणारा केसपेपर व फाडून दिलेली पावती यांना पुराव्याचे मोल आले.

जुन्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात पडद्याआड कंपाउंडर मिश्रण तयार करी आणि मात्रा दाखविण्यासाठी खाचा पाडलेली कागदी पट्टी बाटलीस चिकटवून ती रुग्णाच्या हाती देई. तपासणीचे शुल्क व औषधाची किंमत यांची त्या व्यवहारात फोड होत नसे. आपल्याच रुग्णास औषध पुरविण्याची ही मुभा, उघडे दुकान न थाटण्याच्या अटीवर, १९४५ च्या औषधविषयक नियमांतील ‘के’ परिशिष्टाने नोंदणीकृत डॉक्टरास दिलेली आहे. अशा दवाखान्याने वर्षारंभीच्या व वर्षअखेरच्या औषधसाठ्याची यादी करणे अगत्याचे ठरते. ती नसेल तर औषधखरेदीच्या रकमेतील खरा खर्च किती व कपाटात शिल्लक माल किती, हे खुद्द डॉक्टरासही सांगता येत नाही.

रोजकीर्द, खतावणी व पावत्यांच्या स्थळप्रती यांशिवाय १९६२ च्या आयकर नियमांनी डॉक्टरासाठी आणखी एक नोंदवही लावून दिली, ती ‘नमुना ३-क’ ची. तारीख, अनुक्रमांक, रुग्णाचे नाव, सेवेचा प्रकार म्हणजे तपासणी, शस्त्रक्रिया, इंजेक्शन, घरभेट इत्यादी, मिळालेले शुल्क आणि ते मिळाल्याची तारीख असे तिचे सहा रकाने आहेत. यांतील शेवटचा रकाना विशेष लक्षणीय आहे. कारण सेवेची तारीख व पैशाची तारीख वेगवेगळी असू शकते हे त्यात गृहीत धरलेले आहे. उसाचे बिल निघाले किंवा सुगी झाली म्हणजे मागील देणे चुकते करणारी कुटुंबे ज्यांच्याकडे येतात, त्या ग्रामीण डॉक्टरांना या रकान्याचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. पंचवीस रुपयांवरील प्रत्येक बिलाची स्थळप्रत ठेवावी, असाही नियम होता; आजच्या शुल्काचे मान पाहता त्यातून जवळजवळ कोणताच रुग्ण सुटत नाही. तरीही पावती मागितल्याखेरीज न देण्याची रीत अनेक ठिकाणी टिकून आहे, ही खेदाची गोष्ट होय.

ढोबळ उत्पन्नाचा निम्मा भाग नफा मानून कर भरण्याची सवलत लहान व्यावसायिकांना २०१६-१७ पासून मिळाली. तिची मर्यादा आरंभी पन्नास लाख रुपयांची होती. भाड्याच्या खोलीत एकट्याने तपासणी करणाऱ्या डॉक्टरास ती सोयीची आहे. परंतु परिचारिका, भूलतज्ज्ञ, यंत्रांच्या कर्जाचे हप्ते आणि जैववैद्यकीय कचऱ्याचे शुल्क यांचा भार वाहणाऱ्या शुश्रूषागृहास तिचा हिशेब सहसा जमत नाही. शिवाय सवलतीच्या भरवशावर ज्याने जमाखर्च ठेवण्याचे सोडून दिले, त्याला बँकेने कर्जासाठी ताळेबंद मागितला म्हणजे मागील सर्व वर्षांची कागदपत्रे धुंडाळावी लागतात. वस्तू व सेवा करातून वैद्यकीय उपचार वगळलेले असल्याने उपकरणांच्या खरेदीवर भरलेला कर वळता करून घेता येत नाही व तो किमतीतच मिसळून जातो. मोठ्या रुग्णालयांत मानद सेवा देणाऱ्या तज्ज्ञाच्या बिलातून मुळातच दहा टक्के कर कापला जातो. हाती आलेली रक्कम हेच उत्पन्न समजणे ही या बाबतीतील सर्रास आढळणारी चूक आहे.

शुल्काविषयी २००२ च्या भारतीय वैद्यक परिषदेच्या आचारविनियमांची भूमिका स्पष्ट आहे : शुल्काचा फलक लावावा, रक्कम उपचारापूर्वी सांगावी, उपचार सुरू झाल्यावर नव्हे, आणि ‘गुण आला तरच पैसे’ असा करार करू नये. हेच विनियम रुग्ण पाठविण्याबद्दल दलाली देण्याघेण्यास मनाई करतात. तरीही ‘कट प्रॅक्टिस’ या नावाने ही दलाली बोकाळली, आणि तिच्या प्रतिबंधासाठी महाराष्ट्रात २०१७ मध्ये विधेयकाचा मसुदाही तयार झाला. तिचे मूळ केवळ लोभात शोधणे अपुरे होईल. कर्ज काढून शहरात नव्याने बसलेल्या तज्ज्ञाचा हप्ता पहिल्या महिन्यापासून सुरू होतो, रुग्ण मात्र दुसऱ्याच्या चिठ्ठीवाचून येत नाहीत. या कोंडीत तो पहिला वाटा देतो आणि त्याची भरपाई अनावश्यक चाचण्यांच्या रूपाने रुग्णाच्या खिशातून होते. जो खर्च पावतीवर लिहिता येत नाही, तो जमाखर्चातही खरा लिहिता येत नाही. त्यामुळे कटाची रक्कम सारे दप्तरच खोटे करते. औषध कंपन्यांनी डॉक्टरांस दिलेल्या भेटींचा खर्च करपात्र उत्पन्नातून वजा करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०२२ रोजी दिला, तो याच अनिष्ट प्रथेच्या दुसऱ्या टोकासंबंधी आहे.

दप्तराच्या जतनाच्या मुदती एकसारख्या नाहीत. आंतररुग्णांचे अभिलेख उपचारांच्या आरंभापासून तीन वर्षे जपावे लागतात व मागणी आल्यास ७२ तासांत द्यावे लागतात. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखालील सोनोग्राफीचे अभिलेख दोन वर्षे. तर आयकर नियमांनी हिशेबाच्या वह्यांसाठी संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यापासून सहा वर्षांची मुदत घातली होती. फिर्याद दाखल असल्यास त्या प्रकरणाचे कागद तिचा अंतिम निकाल लागेपर्यंत ठेवावे लागतात.