परराष्ट्रीय कंपन्या व दंडाचा अधिकार

२१ फेब्रुवारी २०२५ रोजीं अमेरिकेच्या अध्यक्षांनीं एक आदेशपत्र काढलें. परकी सरकारें अमेरिकन संगणक-कंपन्यांवर जे दंड बसवितात, त्यांस त्याच्या मथळ्यांतच 'परदेशी खंडणी' असें नांव दिलेलें आहे. आणि रोख मुख्यतः युरोपाकडे आहे. शब्द कठोर खरा. परंतु ज्या शस्त्राच्या घावानें हा आक्रोश चालला आहे, तें मुळांत कोणत्या भट्टींत घडलें, हें पाहूं गेल्यास इतिहास मोठी मौजेची साक्ष देतो.

मक्तेदारीस आळा घालणारा शर्मन कायदा अमेरिकेनें १८९० सालीं केला. १९०९ सालीं केळ्यांच्या व्यापारांतील एका दाव्यांत न्यायमूर्ति होम्स यांनीं सांगितलें कीं, कृत्य कायदेशीर कीं बेकायदेशीर, हें तें जेथें घडलें तेथील कायद्यावरून ठरावयाचें. म्हणजे कायद्याचा हात किनाऱ्याशींच थांबला. तो पुढें सरकला १९४५ सालीं, अल्कोआ या अॅल्युमिनियम-कंपनीच्या खटल्यांत. फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन, कॅनडा इत्यादि देशांतील कारखानदारांनीं स्वित्झर्लंडांत एक मंडळी स्थापून उत्पादनाचे वांटे ठरवून घेतले होते. वरिष्ठ न्यायालयांतील इतके न्यायाधीश या प्रकरणांतून बाजूला झाले कीं, सुनावणीस पुरेशी संख्याच उरली नाहीं! म्हणून तें न्यूयॉर्कच्या अपील-न्यायालयाकडे आलें आणि लर्नेड हँड यांच्या लेखणीस संधि मिळाली. अमेरिकेच्या आयातीवर परिणाम करण्याचा हेतु असेल आणि तसा परिणाम झालाहि असेल, तर परकीयांनीं परदेशांत केलेला करारसुद्धां अमेरिकेच्या कायद्याखालीं येतो, असा निकाल त्यांनीं दिला. आजच्या साऱ्या वादाचें बीज या एका वाक्यांत आहे.

युरोपास त्या वेळीं हा शुद्ध उद्दामपणा वाटला. अमेरिकन न्यायालयानें इंग्लंडांतील इंपीरियल केमिकल कंपनीस नायलॉनचीं पेटंटें ड्यूपाँ कंपनीस परत करण्याचा हुकूम केला, तेव्हां १९५२ सालीं लंडनच्या न्यायालयानें तीं परत करण्यास मनाई केली. बिचारी कंपनी दोन न्यायालयांच्या कात्रींत सांपडली. पुढें १९८० सालीं ब्रिटिश पार्लमेंटानें कायदाच केला कीं, अमेरिकेंत तिप्पट नुकसानभरपाई भरावी लागलेल्या व्यापाऱ्यास वरची रक्कम स्वदेशीं वसूल करून घेतां यावी.

परंतु तोंवर युरोपीय आयोगहि त्याच वाटेनें चालूं लागला होता. १९६९ सालीं त्यानें रंग तयार करणाऱ्या कंपन्यांस दंड केला, त्यांत हीच इंपीरियल केमिकल होती. ब्रिटन तेव्हां युरोपीय समूहाचा सभासदहि नव्हता. त्याच्या सरकारनें निषेध केला, तो व्यर्थ गेला. १९७२ सालीं लक्झेंबर्गच्या न्यायालयानें दुय्यम कंपन्यांचें कृत्य तें मूळ कंपनीचेंच, असें ठरवून दंड कायम केला. १९८८ सालीं कागदाच्या लगद्याच्या खटल्यांत करार कोठें झाला यापेक्षां तो कोठें अंमलांत आला यास महत्त्व देण्यांत आलें, आणि समुद्राचा आडपडदा बहुतेक दूर झाला.

२००४ सालीं मायक्रोसॉफ्टला झालेला ४९.७ कोटि युरोंचा दंड या परंपरेंतलाच होय. येथें एक गोष्ट सहसा विसरली जाते. या प्रकरणाची मूळ तक्रार १९९८ सालीं केली होती ती सन या अमेरिकन कंपनीनेंच! आणि ब्रुसेल्सच्या दंडानें पोळलेल्या मायक्रोसॉफ्टनें २०११ सालीं त्याच ब्रुसेल्सचे दार गूगलविरुद्ध ठोठावलें. 'युरोप विरुद्ध अमेरिका' असें जें चित्र रंगविलें जातें, त्यांत हा भाग मुळींच दिसत नाहीं. दंडाची रक्कम पाहून मात्र वाचकांनीं फार दिपून जाऊं नये. गाणीं व चित्रपट चालविण्याचें साधन वगळलेली विंडोज विकण्याची सक्ति आयोगानें केली. कंपनीनें ती त्याच किंमतीस बाजारांत ठेविली, आणि ती जवळजवळ कोणीं घेतलीच नाहीं. कमी वस्तु त्याच पैशांत कोण घेणार?

गूगलवर २०१७ सालीं बसलेला २४२ कोटि युरोंचा दंड सप्टेंबर २०२४ मध्यें अंतिम न्यायालयांत कायम झाला. पण २०१९ चा १४९ कोटींचा दंड त्याच महिन्यांत खालच्या न्यायालयानें रद्द ठरविला. खंडणी मागणाराच्या दारीं अशी दाद लागत नसते.

आपल्या देशाच्या २००२ च्या स्पर्धा-कायद्याचें ३२ वें कलम वाचतांना हँड यांचें स्मरण झाल्यावांचून राहत नाहीं: कृत्य भारताबाहेर घडलें असलें तरी त्याचा अनिष्ट परिणाम भारतांतील बाजारावर होत असेल, तर आयोगास चौकशी करतां येते. ऑक्टोबर २०२२ मध्यें अँड्रॉइडच्या प्रकरणीं गूगलला १३३७.७६ कोटि रुपये दंड झाला. मार्च २०२३ मध्यें अपील-न्यायाधिकरणानें तो दंड पूर्णपणें कायम केला आणि त्यासोबतच्या कांहीं आज्ञा मात्र रद्द केल्या.