श्रुतिकेचे श्रोते आणि लीळेचे श्रोते

नभोवाणीवरून ऐकविल्या जाणाऱ्या नाटकास मराठींत ‘श्रुतिका’ हें नांव रूढ झालें. नांव मोठें समर्पक आहे. कारण जें केवळ कानांनीं घ्यावयाचें व ज्याचा कागद श्रोत्याच्या हातीं कधींच यावयाचा नाहीं, असें हें वाङ्मय. हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्या विद्वानांस हा विषय आपल्या अंगणाबाहेरचा वाटण्याचा संभव आहे. परंतु एखादी जुनी श्रुतिका, विशेषतः जींत भूतसंचाराचा किंवा मृत मनुष्य उठून बसल्याचा प्रसंग आहे ती, ऐकलेलीं चार वृद्ध माणसें एकत्र आलीं व त्या प्रसंगाविषयीं बोलूं लागलीं, म्हणजे जो वाद माजतो, तो पोथ्यांच्या पाठभेदांशीं परिचय असलेल्यास अगदीं ओळखीचा वाटावा. एक म्हणतो, आधीं दार वाजलें व मग कुत्रें रडलें. दुसरा म्हणतो, कुत्रें नव्हतेंच, तो वाऱ्याचा आवाज. तिसरा शपथेवर सांगतो कीं, ती बाई शेवटपर्यंत बोललीच नाहीं. मूळ ध्वनिफीत तिघांपैकीं कोणापाशींच नसते. अशा बोलण्यास गांवगप्पा म्हणून सोडून द्यावें, कीं साक्ष म्हणून लिहून ठेवावें, हा प्रश्न आहे. आमच्या मतें तें लिहून ठेवावें. आणि तें कसें लिहावें याचा कित्ता वऱ्हाडांतच सातशें वर्षांपूर्वीं घालून दिलेला आहे.

प्रथम श्रवणाची स्थिति पाहूं. उदाहरणास संग्रामपूर घ्यावें. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकास सातपुड्याच्या पायथ्याशीं असलेला हा मुलूख १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यांत मोडत असे. त्या वर्षीं वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेररचना होऊन जळगांव व खामगांव हे तालुके बुलढाण्यास जोडले गेले, तेव्हां तोही इकडे आला. मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें, नागपूरचें १६ जुलै १९४८ रोजीं. संग्रामपुराहून नागपूर सरळ रेषेंत सुमारें अडीचशें किलोमीटर, आणि मुंबई सुमारें साडेचारशें. मध्यम लहरी दिवसा जमिनीलगत चालतात व इतक्या अंतरावर क्षीण होतात. सूर्यास्तानंतर त्या वातावरणाच्या वरच्या विद्युन्मय थरावरून परतून दूरवर पोंचतात खऱ्या, परंतु स्थिर राहत नाहींत. आवाज चढतो, बुडतो, पुन्हा वर येतो. रात्रींच्या वेळीं श्रुतिका लागलेली असावी, स्मशानांतला प्रवेश चालू असावा, आणि नेमक्या त्या वाक्यास आवाज बुडावा! पोथींत कृमींनीं खाल्लेल्या पत्रास आपण ‘त्रुटित’ म्हणतों. येथें त्रुटि कागदांत नसून हवेंत पडते, इतकाच भेद. आणि त्रुटि पडली कीं ती भरून काढण्याची मनुष्याची खोड दोहींकडे सारखीच. ऐकूं न आलेलें वाक्य प्रत्येकानें आपापल्या भयाप्रमाणें पुरें केलें, व दुसरे दिवशीं पारावर तेंच ऐकलेलें म्हणून सांगितलें.

मूळ पाहून निर्णय करावा म्हटलें, तर तीही सोय थोडी. आरंभींच्या काळांत बहुतेक कार्यक्रम प्रत्यक्ष ध्वनिक्षेपकासमोर सादर होत व तेथेंच विरून जात. पुढें चुंबकीय फिती आल्या. पण त्या महाग, म्हणून पुसून पुन्हा वापरण्याची वहिवाट अनेक देशांतील केंद्रांत होती. जुन्या ताडपत्रावरील अक्षरें खरडून त्यावर नवा ग्रंथ लिहावा, तसाच हा प्रकार.

श्रोत्यांचें बोलणें टिपून ठेवण्याचा एक मोठा प्रयोग महाराष्ट्रांत झालेला आहे, तो येथें सांगणें अवश्य आहे. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत पुणें केंद्रानें युनेस्कोच्या साहाय्यानें पांच जिल्ह्यांतील दीडशें गांवीं श्रोतृमंडळें स्थापून त्यांच्यासाठीं वीस कार्यक्रम प्रक्षेपित केले. मंडळी एकत्र बसून ऐकत, मग चर्चा करीत, आणि त्या चर्चेची नोंद होई; प्रा. पॉल न्यूराथ यांनीं तिचा अभ्यास करून अहवाल लिहिला. विषय शेतीचे, आरोग्याचे व गांवकारभाराचे होते. हीच पद्धति श्रुतिकांस लावतां आली असती, तर आज आपल्या हातीं केवढें साधन असतें!

अमेरिकेंत हें अंशतः घडलें. ऑर्सन वेल्स याच्या नाटकमंडळीची नभोवाणीमाला ११ जुलै १९३८ रोजीं ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ या कथेनें सुरू झाली. प्रेतावस्थेंतून रात्रीं उठून रक्त पिणाऱ्या सरदाराची ही कथा. वेल्सनें त्या सरदाराचें व डॉक्टर सेवर्डचें, अशीं दोन सोंगें एकट्याच्या आवाजानें वठविलीं. या प्रयोगाचें मुद्रण सुदैवानें टिकलें आहे. म्हणून कोणी आठवणीनें कांहीं सांगितल्यास तें ताडून पाहतां येतें. त्याच मालेंत ३० ऑक्टोबर १९३८ रोजीं मंगळावरील प्राण्यांच्या स्वारीचें नाटक झालें, आणि वृत्तपत्रांनीं देशभर घबराट उडाल्याची हाकाटी केली. हॅडली कॅन्ट्रिल या प्राध्यापकानें एकशें पस्तीस श्रोत्यांच्या मुलाखती घेऊन १९४० सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतील एक गोष्ट पाठचिकित्सकानें ध्यानांत धरण्याजोगी आहे. आरंभींची ‘हें नाटक आहे’ ही सूचना ज्यांच्या कानांवरून गेली, किंवा जे मध्येंच ऐकूं लागले, त्यांपैकीं कित्येकांनीं मंगळाचा उल्लेख सोडून दिला व जर्मनांची स्वारीच ऐकली. म्हणजे मूळ एकच, ऐकणाराचा पाठ निराळा. दुसऱ्या बाजूनें, त्याच रात्रीं हूपर यांच्या संस्थेनें दूरध्वनीवरून पांच हजार घरीं चौकशी केली होती, तेव्हां अवघ्या शेंकडा दोन घरांनीं तो कार्यक्रम ऐकत असल्याचें सांगितलें. पुढें मात्र ऐकल्याचें सांगणारे वाढत गेले. श्रोत्याची साक्ष घ्यावी, पण तो खरोखर श्रोता होता काय, हें आधीं विचारावें, असा याचा अर्थ.

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. म्हाइंभटाचें ‘लीळाचरित्र’ हा मराठीचा आद्य गद्य चरित्रग्रंथ. त्याची रचना साधारणतः १२७८ च्या सुमाराची मानतात. श्रीचक्रधरांच्या उत्तरापंथगमनानंतर ऋद्धिपुरीं नागदेवाचार्यांच्या सन्निध, ज्यानें जें पाहिलें व ऐकलें तें त्याच्यापासून घेऊन म्हाइंभटानें या लीळा जमविल्या. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार व मेहकर हीं स्थानें या लीळांतून व ‘स्थानपोथीं’तून येतात, हें वाचक जाणतातच. ग्रंथाच्या ‘एकांक’ या भागाचें वैशिष्ट्य असें कीं, त्या काळांत चक्रधर एकाकी संचार करीत. शिष्यपरिवार जवळ नव्हता. अर्थात् एकांकांतील वृत्तांत हा पाहणारांचा नव्हे, ऐकणारांचा. स्वामींनीं प्रसंगोपात्त सांगितलें, भक्तांनीं ऐकलें, प्रश्न विचारले, आपसांत बोलले, आणि तेंच पुढें लेखनांत उतरलें.

याच भागाच्या आरंभीं या चरित्रांतील सर्वांत अलौकिक प्रसंग येतो. द्वारावतीस श्रीचांगदेव राउळ कामाख्या नांवाच्या योगिनीच्या आग्रहामुळें देहत्याग करितात. तिकडे गुजरातेंत भडोचेस प्रधानपुत्र हरपाळदेव नुकताच निवर्तलेला असतो. त्याचें प्रेत स्मशानांत नेलें असतां चांगदेव राउळ त्या देहाचा स्वीकार करितात, आणि मृत तरुण उठून बसतो. तो खरोखर मृत होता कीं मूर्च्छित, असा वाद आधुनिक वाचक घालील. घालूं द्यावा. इतिहाससंशोधकास त्याहून उपयुक्त प्रश्न हा, कीं तेराव्या शतकांतील श्रोतृमंडळानें हा प्रसंग कोणत्या शब्दांनीं ऐकला व कसा जतन केला.

जतन कसा केला तें विलक्षण आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभीं खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमींत, ज्यास संप्रदाय ‘खालशाची धाड’ म्हणतो, म्हाइंभटाची मूळ प्रत नाहींशी झाली, अशी परंपरा आहे. मग ज्यांस लीळा मुखोद्गत होत्या त्यांच्या स्मृतींतून ग्रंथ पुनः सिद्ध करण्यांत आला. एक प्रत तयार झाली नाहीं, अनेक झाल्या. हिराइसेच्या नांवाचा पाठ निराळा, परशरामबासांचा निराळा, रामेश्वरबासांचा आणखी निराळा. आणि लेखकांनीं काय करावें? त्यांनीं हे भेद घोटून एकजीव केले नाहींत. एक वृत्तांत दिल्यावर दुसऱ्याची आठवण वेगळी असेल तर ‘वासना’ म्हणून तीही शेजारीं लिहिली, व चौकशीअंतीं कांहीं कळलें असेल तर तें ‘शोध’ म्हणून निराळें नोंदलें. ज्या ग्रंथांतील प्रत्येक शब्द श्रद्धेचा विषय, त्यांत आपल्या गुरूच्या शब्दाविषयीं मतभेद आहे असें उघड लिहिण्यास किती सचोटी लागली असेल, याची कल्पना करावी. आमच्या मतें मराठींतील पाठचिकित्सेचा आरंभ छापखान्यानंतर झाला असें म्हणणारांनीं ही पोथी एकदां उघडून पाहावी.

या भेदांचें महत्त्व विद्वानांच्याही हळूहळूच ध्यानांत आलें. ह. ना. नेने यांनीं १९३६ पासून नागपुराहून ग्रंथ भागशः छापला; शं. गो. तुळपुळे यांची आवृत्ति १९६० नंतरच्या दशकांतील; आणि वि. भि. कोलते यांची संपादित प्रत १९७८ सालीं महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृति मंडळानें प्रसिद्ध केली. कोलते यांचा जन्म १९०८ सालीं याच जिल्ह्यांतील नरवेलचा, हा योग वऱ्हाडकरांस अभिमानाचा वाटल्यास नवल नाहीं. शेजारच्या शेगांवच्या श्रीगजाननमहाराजांचें दासगणूकृत ओवीबद्ध चरित्र मात्र १९३९ सालचें. तें छापून आल्यामुळें घरोघर पारायण होऊनही त्याचा पाठ एकच राहिला आहे. श्रोत्यांच्या पाठास वाव राहतो तो मुद्रण नसेल तेथेंच.

श्रुतिकेच्या श्रोत्याकडे जाणाऱ्या संग्राहकानें म्हाइंभटाच्याच वाटेनें जावें. आठवण सांगणारा त्या वेळीं किती वर्षांचा होता, यंत्र कोणाच्या घरचें व कोणत्या गांवीं, ऋतु कोणता, प्रारंभापासून ऐकलें कीं मधून, एकट्यानें कीं दहा जणांत, आणि तीच कथा पुढें पुस्तकांत किंवा चित्रपटांत भेटली काय, हें आधीं टिपावें. शेवटच्या प्रश्नाकडे विशेष लक्ष असावें. चित्रपटांतील हडळ श्रुतिकेंत शिरलेली आढळण्याचा संभव मोठा आहे. दोघांचें पटलें नाहीं तर दोन्ही लिहावें, नांवनिशीसह. तोडगा काढूं नये. तारखेचा निर्णय करावयास ‘इंडियन लिसनर’ या पाक्षिकाचे अंक उपयोगी पडतील. तें डिसेंबर १९३५ पासून निघत असून त्यांत केंद्रवार कार्यक्रम छापले जात. मात्र तीं पत्रकें आगाऊ छापलेलीं. ठरलेलें तेथें सांपडेल, झालेलें सांपडेलच असें नाहीं.

आणखी एक साधन घरांतून धूळ खात पडलेलें असण्याचा संभव आहे, तें म्हणजे नटांच्या हातांतील संहिता. त्यांत शिसपेन्सिलीनें केलेल्या खुणा असत: येथें थांबावें, येथें दार वाजेल, हें वाक्य गाळलें. कुत्रें रडलें कीं वारा वाहिला, हा वाद अशा एका पानानें मिटण्यासारखा आहे. पोथ्यांचे रुमाल सोडतांना तळाशीं टंकलिखित पिवळी पानें आढळलीं, तर तीं रद्दींत टाकण्यापूर्वीं त्यांच्या समासांतील खुणा पाहाव्यात.