तळलेला बटाटा आणि पावातले सॉसेज

अमेरिकेचा गेल्या शतकाचा इतिहास सांगावयाचा तर वक्ते मोटारींच्या कारखान्यापासून आरंभ करतात. आम्ही मात्र आज आपल्यापुढे त्याच देशाच्या रस्त्यावरची दोन खाणी घेऊन उभे आहोत. एक फ्रेंच फ्राइज, म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या काड्या. दुसरे हॉट डॉग, म्हणजे लांबट पावात ठेवलेले सॉसेज. व्याख्यानमालेच्या व्यासपीठाला हा विषय हलका वाटेल. पण माणूस काय खातो, ते कोणाच्या हातून खातो आणि त्यात काय आहे हे त्याला ठाऊक असते का, हे प्रश्न काही हलके नाहीत.

आज हे दोन्ही पदार्थ गोठवलेल्या पिशवीतून बाहेर पडतात. दुकानातला पोरगा पिशवी फोडतो, जाळीच्या टोपलीत ओततो, घंटा वाजली की उचलतो. एके काळी या कामाला कसब लागे.

कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो या गावी रिचर्ड आणि मॉरिस मॅक्डोनल्ड या बंधूंचे एक खानावळवजा दुकान होते. १९४८ साली त्यांनी ते काही महिने बंद ठेवले, मोटारीपाशी थाळी नेऊन देणाऱ्या मुलींना रजा दिली, पदार्थांची लांबलचक यादी छाटून नवावर आणली आणि पंधरा सेंटांना हॅम्बर्गर विकावयास पुन्हा दार उघडले. आरंभी सोबत बटाट्याचे कुरकुरीत काप मिळत. पुढच्याच वर्षी त्यांच्या जागी काड्या आल्या. १९५४ मध्ये दूध घुसळण्याची यंत्रे विकणारा रे क्रॉक नावाचा फिरता विक्रेता तेथे पोचला. एवढ्याशा दुकानाला एकदम आठ यंत्रे कशाला लागतात, हे त्याला पाहावयाचे होते. त्याने यंत्रे पाहिली, पण मन जडले ते बटाट्यावर.

त्या काड्यांची कृती अशी. आयडाहो प्रांतातला रसेट जातीचा लांबट, पिठूळ बटाटा घ्यावयाचा. साल काढताना किंचित ठेवावयाची. लांब काड्या कापून त्या गार पाण्यात बुडवून ठेवावयाच्या आणि वरचा स्टार्च धुऊन जाईपर्यंत खळबळून घ्यावयाच्या. मग तळण दोनदा. पहिल्या घाण्यात आत शिजण्यापुरते, दुसऱ्यात वर सोनेरी रंग येईपर्यंत. आपल्याकडे उपासाचा कीस किंवा वेफर करणाऱ्या आजीबाईंना यात नवल वाटणार नाही. बटाटा पाण्यात टाकून त्याचे पांढरे पाणी काढून टाकल्याशिवाय त्या कढईजवळही जात नसत.

क्रॉकने ही कृती बारकाईने टिपून घेतली आणि १५ एप्रिल १९५५ रोजी शिकागोजवळ डेस प्लेन्स येथे आपले दुकान थाटले. बटाटा तोच, कापणे तेच, धुणे तेच. आणि काड्या मात्र गिळगिळीत! चव सॅन बर्नार्डिनोची नव्हेच. त्याने बंधूंना पुनःपुन्हा विचारले. त्यांनाही कारण सांगता येईना. शेवटी बटाट्याच्या व्यापारातील एका जाणत्याने पहिल्यापासून सगळी हकीकत विचारली, तेव्हा उलगडा झाला. बंधूंचे बटाटे दुकानामागे जाळीच्या खोक्यांत उघड्यावर पडलेले असत आणि वाळवंटाकडचा कोरडा वारा त्यांतून खेळत असे. त्या वाऱ्याने बटाट्यातले पाणी आटे आणि साखरेचा स्टार्च होई. शिकागोच्या तळघरात वारा कोठला? क्रॉकने तेथे विजेचा पंखा लावला आणि बटाट्यांना कृत्रिम वारा घातला. ही हकीकत त्याने स्वतःच आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे, आणि तिच्यातले शास्त्र खरे आहे. बटाटा फार थंडीत राहिला की त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि ती साखर तळणीत करपते. ऊबदार जागी राहिला की उलट घडते. शीतगृहातला गोडसर बटाटा वेफरला चालत नाही, हे आमचे वेफरवालेही जाणतात. दोघा भावांना जे ठाऊक नव्हते ते त्यांचा वारा करीत होता, आणि कारण न कळता साधलेले कसब दुसऱ्या गावी नेताना अशीच फजिती होते.

पुढे अशा दुकानांची संख्या वाढली तशी अडचणही वाढली. बटाटा हे यंत्रातून निघालेले खिळे नव्हेत. शेताशेतागणिक, महिन्यामहिन्याला त्यातले पाणी आणि साखर बदलते. उन्हाळ्यात जुना रसेट संपत आलेला आणि नवा यावयाचा, तेव्हा दुसऱ्याच जातीच्या बटाट्यावर भागवावे लागे आणि काड्या मऊ पडत. प्रत्येक दुकानात सोलणे, कापणे, धुणे यांत माणसांचे तासन्‌तास जात. तळणाऱ्याला डोळ्यांनी रंग पाहून घाणा उतरवावा लागे. यावर कंपनीतील लुई मार्टिनो याने उपाय शोधला. थंड काड्या पडताच तेलाचे तापमान खाली येते आणि काही वेळाने पुन्हा चढू लागते. ते किती अंश चढले म्हणजे काड्या तयार, हे त्याने मोजून काढले आणि ती खूण ओळखणारे यंत्र बनविले. तळणाऱ्याच्या डोळ्याचे काम तापमापकाकडे गेले.

सोलण्याचे काम गेले ते आयडाहोच्या जे. आर. सिंप्लॉटकडे. दुसऱ्या महायुद्धात सैन्याला वाळवलेला बटाटा पुरवून हा गृहस्थ मोठा झाला होता. त्याच्या रसायनतज्ज्ञाने काड्या अर्धवट तळून गोठविण्याची रीत बसविली होती. घरच्या गृहिणींनी तिचे फारसे स्वागत केले नाही, कारण तेलाचा पसारा घरात मांडावयाचा तर होताच. दुकानांना मात्र ती वरदान ठरली. १९६५ मध्ये क्रॉक आणि सिंप्लॉट यांचा सौदा झाला. तोही, असे सांगतात, नुसता हात हातात देऊन. पुढच्या काही वर्षांत दुकानातली सोलण्याची यंत्रे आणि पाण्याची पिंपे हळूहळू नाहीशी झाली.

आता सॉसेजकडे वळू. ही विद्या जर्मन स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत आली. मांस बारीक कुटावयाचे. कुटताना त्यात बर्फ घालावयाचा, नाही तर घर्षणाच्या उष्णतेने चरबी सुटते आणि सगळे फाटते. मीठमसाला मिसळून ते मेंढीच्या धुतलेल्या आतड्यात भरावयाचे. ठरावीक लांबीवर पीळ घालून माळ करावयाची. मग धुरी देऊन गरम पाण्यात शिजवावयाचे. गोव्याचे चोरीस ज्यांनी पाहिले आहे त्यांना आतड्याच्या माळेची कल्पना येईल, जरी मसाला आणि मुरविण्याची रीत अगदी वेगळी.

न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड या समुद्रकाठी चार्ल्स फेल्टमन या जर्मन माणसाने पावात घालून हे सॉसेज विकण्याचा धंदा वाढविला. त्याच्याकडे पाव कापणारा नेथन हँडवर्कर हा पोलंडहून आलेला ज्यू तरुण १९१६ मध्ये स्वतंत्र झाला आणि मालकाच्या दहा सेंटांना पाच सेंटांनी उत्तर देऊ लागला. मसाला त्याच्या पत्नीच्या हातचा. स्वस्त म्हणजे वाईट, ही शंका मात्र गिऱ्हाइकाच्या मनात असेच. म्हणून त्याने काही माणसांना डॉक्टरी पांढरे कोट घालून दुकानापुढे खावयास उभे केले, अशी एक आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, शंका मात्र खरी होती.

कारण दहाच वर्षांपूर्वी, १९०६ मध्ये, अप्टन सिंक्लेअर याची ‘द जंगल’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली होती. शिकागोच्या मांस-कारखान्यांतील मजुरांची दैना लोकांपुढे मांडावी हा लेखकाचा हेतू. वाचकांनी मजुरांकडे पाहिलेच नाही. त्यांनी आपल्या ताटातल्या सॉसेजकडे पाहिले आणि त्यांना मळमळले. त्याच वर्षी ३० जूनला मांस-तपासणीचा आणि शुद्ध अन्नाचा असे दोन कायदे झाले. मजुरांच्या दैनेवर कायदा झाला नाही. आम्हांस या घटनेचे हसू येत नाही. खाणाऱ्याची जागृती बहुधा पोटापासूनच सुरू होते.

सॉसेजच्या कसबाची गतही बटाट्यासारखीच झाली. आतडी धुणे हे किळसवाणे, महागडे काम. शिवाय प्रत्येक आतड्याची जाडी निराळी. १९२५ मध्ये शिकागोत अर्विन फ्रॉइंड याने व्हिस्किंग ही कंपनी काढून सेल्युलोजची कृत्रिम नळी बाजारात आणली. मांस त्या नळीत भरावयाचे, शिजले की नळी सोलून टाकावयाची. बिनसालीचे, सारख्या जाडीचे सॉसेज यंत्रातून धडाधड निघू लागले. दाताखाली कट्‌कन तुटणारी साल गेली. जुन्या दुकानांनी ती टिकविली आणि आजही तिचे भोक्ते आहेत.

आता एक गोष्ट राहिली, आणि तिचा आपल्याशी थेट संबंध आहे. मॅक्डोनल्डच्या त्या प्रसिद्ध काड्या कशात तळत? बहुतांशी गोवंशाच्या चरबीत. त्या मिश्रणाला ‘फॉर्म्युला ४७’ म्हणत. हॅम्बर्गर, काड्या आणि मिल्कशेक यांची मिळून किंमत तेव्हा सत्तेचाळीस सेंट होती. ही चरबी तापून लवकर बिघडत नाही, आणि चवीचे रहस्यही बरेचसे तिच्यातच होते. हृदयविकाराच्या भीतीने ओरड झाली तेव्हा १९९० मध्ये कंपनीने वनस्पतिजन्य तेल वापरीत असल्याचे जाहीर केले. अमेरिकेतील हजारो शाकाहारी माणसांनी, त्यांत आपल्याकडून गेलेलीही कित्येक, निश्चिंत मनाने काड्या खाल्ल्या. पण जुनी चव राहावी म्हणून कारखान्यात काड्यांना गोमांसापासून काढलेला स्वाद लावला जात होता, आणि यादीत त्याचे नाव ‘नैसर्गिक स्वाद’ एवढेच होते. २००१ मध्ये सिएटल येथील हरीश भारती या वकिलाने दावा लावला. बातमी इकडे येताच मुंबईच्या परिसरातही निदर्शने झाली, मोडतोड झाली. वास्तविक १९९६ पासून भारतात उघडलेल्या दुकानांतल्या काड्यांत गोमांसाचा अंश नसल्याचे कंपनी सांगत होती. २००२ मध्ये कंपनीने क्षमा मागितली आणि शाकाहारी, हिंदू व इतर संस्थांना मिळून एक कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. अमेरिकेतल्या काड्यांत तो गोमांसाचा स्वाद अजूनही आहे; फरक इतकाच की आता यादीत त्याचे नाव लिहिलेले असते.