तेल, अंडी आणि न्यायालय : एका पेंग्विन-संस्थेचा इतिहास

प्राण्यांचा इतिहास लिहू पाहणाऱ्यापुढे पहिली अडचण साधनांची येते. माणसांचा इतिहास बखरी, ताम्रपट, पत्रव्यवहार, दफ्तरे यांतून उभा राहतो. प्राण्याने स्वतःविषयी काहीच लिहून ठेवलेले नसते. त्याच्याविषयी जे काही सापडते, ते बहुतेक वेळा त्याचा उपयोग करून घेणाऱ्यांच्या हिशेबांत. आफ्रिकी पेंग्विनची कहाणी याला अपवाद नाही. या पक्ष्यासाठी दक्षिण आफ्रिकेत 1968 पासून काम करणाऱ्या ‘सॅनकॉब’ या ना-नफा संस्थेच्या इतिहासाकडे आम्ही वळलो, ते केवळ पक्षिप्रेमापोटी नव्हे. जी गोष्ट सहज सांगता येते ती, आणि जे घडत असते ते, यांत केवढे अंतर पडू शकते हे या संस्थेच्या वाटचालीत स्वच्छ दिसते. वाङ्मयाच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका वाटू नये.

पेंग्विन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बर्फ येतो. आफ्रिकी पेंग्विनचा बर्फाशी काहीही संबंध नाही. तो नामिबिया आणि दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतच्या खडकाळ बेटांवर राहतो. मुंबईच्या राणीच्या बागेत 2016 साली आणलेले हम्बोल्ट पेंग्विन त्याचेच भाऊबंद. युरोपीय लेखनात त्याचा उल्लेख फार लवकर येतो. 1497च्या अखेरीस वास्को द गामाची गलबते आजच्या मॉसेल बे येथे थांबली असता सफरीच्या रोजनिशीकाराने बदकाएवढ्या, उडू न शकणाऱ्या आणि गाढवासारख्या ओरडणाऱ्या पक्ष्यांची नोंद केली, आणि खलाशांनी ते हवे तेवढे मारले हेही लिहून ठेवले. पुढच्याच वर्षी हीच गलबते कालिकतला लागली. हिंदुस्थानच्या सागरी मार्गाचा इतिहास आपण शाळेपासून शिकतो. त्या मार्गाची किंमत मोजणाऱ्यांत हा पक्षीही होता, हे मात्र आपल्या ध्यानी येत नाही.

पुढची साडेचार शतके ही उपयोगाचीच आहेत. शतकानुशतके साचलेल्या पक्ष्यांच्या विष्ठेचा, म्हणजे ग्वानोचा, थर हेच या पेंग्विनचे घर होते. त्यात बीळ खोदून तो अंडी घाली. उन्हापासून आणि शिकारी पक्ष्यांपासून पिलांचे रक्षण होई. युरोपातील शेतीला खत म्हणून ग्वानो हवासा झाला आणि 1843 ते 1845 या अवघ्या दोन-तीन वर्षांत शेकडो जहाजांनी इचाबो हे बेट खडकापर्यंत खरवडून नेले. इतर बेटांचीही तीच गत झाली. घर गेलेला पक्षी उघड्यावर अंडी घालू लागला, आणि मग अंड्यांचाच व्यापार वाढला. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत सुमारे 1 कोटी 30 लाख अंडी गोळा केली गेल्याचा अंदाज आहे. अंडी गोळा करण्याची ही प्रथा 1960च्या दशकाच्या अखेरीस थांबली. तोवर नवे संकट येऊन ठेपले होते.

जून 1967च्या अरब-इस्रायल युद्धानंतर सुएझ कालवा बंद झाला, तो 1975 पर्यंत. पश्चिम आशियातून युरोपकडे जाणारी तेलवाहू जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली. एप्रिल 1968 मध्ये ‘एसो एसेन’ या जहाजातून केपच्या किनाऱ्यावर तेलगळती झाली आणि काळवंडलेले पेंग्विन किनाऱ्याला लागू लागले. केपटाउनच्या अल्थिया वेस्टफाल यांनी असे पक्षी घरी आणून सांभाळायला सुरुवात केली. सॅनकॉबचा जन्म या घरगुती शुश्रूषेतून झाला. सिनाईच्या वाळवंटातल्या युद्धाची झळ हजारो मैलांवरच्या पक्ष्याला लागावी आणि तिच्यावरचा उपाय एका गृहिणीच्या घरात सुरू व्हावा, हे इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात सहसा न येणारे कार्यकारण आहे.

तेलाने माखलेला पेंग्विन धुणे हे वाटते तितके सोपे काम नाही. तेलामुळे पिसांची जलरोधकता जाते, थंड पाणी अंगाला लागते आणि पक्षी गारठतो. चोचीने पिसे साफ करताना तेल पोटात जाते. म्हणून आधी त्याला द्रव आणि अन्न देऊन सावरावे लागते, मग साबणाच्या पाण्याने आणि ब्रशने धुवावे लागते, आणि पिसे पुन्हा जलरोधक होईपर्यंत रोज पोहायला लावावे लागते. यात काही आठवडे जातात. संस्थेने हे ज्ञान ठेचा खातच मिळवले. जून 1994 मध्ये ‘अपोलो सी’ हे जहाज सर्व 36 खलाशांसह बुडाले. सुमारे 10,000 पेंग्विन तेलाने माखले आणि त्यांतले जवळपास निम्मेच वाचले. कित्येक तर वाहतुकीतच दगावले.

ते धडे सहा वर्षांनी उपयोगी पडले. 23 जून 2000 रोजी लोहखनिज घेऊन ब्राझीलहून चीनकडे निघालेले ‘ट्रेझर’ हे जहाज रॉबेन आणि डॅसन या बेटांच्या दरम्यान बुडाले. सुमारे 19,000 पेंग्विन तेलाने माखले. जवळपास तितकेच तेल न लागलेले पक्षी उचलून पोर्ट एलिझाबेथजवळ समुद्रात सोडण्यात आले. शेकडो किलोमीटर पोहत ते परत येतील तोवर किनारा स्वच्छ करायचा, अशी ही योजना होती. हजारो स्वयंसेवक राबले. पीटर, पामेला आणि पर्सी अशी नावे दिलेल्या तीन पक्ष्यांच्या अंगावर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे होती, आणि त्यांच्या परतीच्या प्रवासावर लोक रोज नजर ठेवून होते. धुतलेल्या पक्ष्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक वाचले.

वाङ्मयाचे अभ्यासक म्हणून आमचे लक्ष येथे या घटनेच्या आकाराकडे जाते. तीत महाकाव्याची सारी सामग्री आहे : अचानक कोसळलेले अरिष्ट, एकवटलेला जनसमुदाय, वनवास आणि स्वगृही आगमन. अशी कथा सांगणाऱ्यालाही कष्ट पडत नाहीत आणि ऐकणाऱ्यालाही. पण ती जेथे संपते तेथून पुढचे आकडे पाहावेत. 2004 नंतरच्या पाच-सहा वर्षांत दक्षिण आफ्रिकेतील या पक्ष्यांची संख्या निम्म्याहून खाली आली. 1956च्या गणनेत 1 लाख 40 हजारांहून अधिक जोड्या होत्या. 2023 मध्ये 10,000 देखील उरल्या नाहीत. या काळात ‘ट्रेझर’सारखा दुसरा मोठा अपघात झाला नव्हता. पक्षी भुकेने संपत होते.

मांदेलीच्या कुळातली अँचोव्ही आणि तारलीच्या कुळातली सार्डिन हे या पेंग्विनचे अन्न. मासे पूर्वेकडे सरकले. बेटे होती तेथेच राहिली. जे मासे उरले त्यांच्यासाठी बेटांभोवतीच जाळी पडत होती. पिसे गळण्याच्या सुमारे तीन आठवड्यांत पेंग्विनला समुद्रात जाता येत नाही. आधीच अर्धपोटी असलेले आईबाप त्या वेळी पिले सोडून देतात. 2006 पासून संस्थेने अशी टाकलेली पिले हाताने वाढवण्याचा उपक्रम चालवला आहे. टाकलेली अंडीही ती यंत्रात उबवते. ज्या किनाऱ्यावर तीस वर्षांत कोटीभर अंडी खाण्यासाठी उचलली गेली, तेथेच आज एकेक अंडे मोजून जपले जाते.

तरीही, उपाशी समुद्रात पिलू सोडून काय साधणार, हा प्रश्न उरतोच. मार्च 2024 मध्ये सॅनकॉब आणि ‘बर्डलाइफ साउथ आफ्रिका’ यांनी पर्यावरणमंत्र्यांविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, ती या प्रश्नामुळे, असे आम्हांस वाटते. बेटांभोवती मासेमारीला घातलेल्या मर्यादा पक्ष्यांच्या खऱ्या चरण्याच्या क्षेत्राशी जुळत नाहीत, हा त्यांचा आक्षेप होता. मच्छीमार उद्योगाची बाजूही पोकळ नव्हती. त्यांच्या पोटाचा प्रश्न होता, आणि 2023च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीनेही मासेमारीबंदीचा लाभ आहे पण तो मर्यादित आहे, असेच म्हटले होते. अखेर 18 मार्च 2025 रोजी तडजोड झाली आणि सहा प्रमुख वसाहतींभोवतीची बंदी क्षेत्रे न्यायालयाच्या आदेशाने निश्चित झाली.

ब्रश हाती घेतलेल्या संस्थेने न्यायालयाची पायरी चढणे हा आमच्या मते तिच्या इतिहासातला सर्वांत कठीण टप्पा आहे. तेलाने माखलेल्या पक्ष्याचे छायाचित्र देणगी मिळवून देते. मासेमारीच्या नकाशावरील रेषेचा वाद कोणाला हेलावत नाही, उलट शत्रू निर्माण करतो. शुश्रूषेत राहणे संस्थेला सोयीचे गेले असते.

2024 साली हा पक्षी ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला. घट याच वेगाने होत राहिली तर 2035च्या सुमारास तो निसर्गातून नाहीसा होईल, असा इशारा अभ्यासकांनी दिला आहे. न्यायालयाने मान्य केलेली बंदी दहा वर्षांच्या मुदतीची आहे. या दोन मुदती जवळपास एकाच वेळी संपतात.