वावडे आणि रक्तपरीक्षा : लहान पाळीव प्राण्यांसंबंधी एक संज्ञेतिहास

१

'वावडे' हा शब्द मराठी घरांत वैद्यकाच्या फार आधीपासून नांदत आहे. 'त्याला वांग्याचे वावडे आहे' या वाक्यात ज्याला त्रास होतो तो मनुष्य चतुर्थीत आणि ज्याने त्रास होतो तो पदार्थ षष्ठीत येतो. मनुष्य येथे कर्ता नाही आणि पदार्थही नाही. वांगे मुळात वाईट नव्हे, कारण पंक्तीतील इतरांना ते मानवते. मनुष्यही मुळात रोगी नव्हे, कारण वांगे वगळता त्याला सर्व काही पचते. दोष असलाच तर तो दोघांच्या संबंधात आहे. आधुनिक वैद्यकाला हाच संबंध रक्तात शोधण्यासाठी विसाव्या शतकाचा बराच काळ खर्च करावा लागला. ससा, गिनीपिग, उंदीर अशा लहान पाळीव प्राण्यांच्या वावड्याची रक्तपरीक्षा ही त्या शोधाची एक शाखा होय. या परीक्षेचा इतिहास आणि तिच्याशी निगडित संज्ञांचा इतिहास एकत्र पाहिले असता त्यांतून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. सातारा व सांगली या जिल्ह्यांच्या संदर्भात तो मांडणे हा या लेखाचा उद्देश आहे.

२

'ॲलर्जी' हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली घडविला. 'अन्य' आणि 'कार्य' या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून तो सिद्ध झाला असून शरीराची बदललेली प्रतिक्रिया एवढाच त्याचा मूळ अर्थ होता. त्यात हितकर व अहितकर असे दोन्ही बदल येत. पुढे अर्थसंकोच होऊन केवळ अहितकर बदल तेवढा त्यात उरला. या शब्दामागे प्राण्यांचाच संबंध होता, हे लक्षणीय आहे. घटसर्पावर दिल्या जाणाऱ्या घोड्याच्या रक्तरसाने काही मुलांना ताप व पित्त उठत असे. पिर्के आणि बेला शिक यांनी १९०५ मध्ये त्याचेच विवेचन केले होते. त्यापूर्वी, १९०२ मध्ये, रिशे आणि पोर्तिए यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांत दाखविले होते की, एखाद्या विषाची पहिली मात्रा सोसलेला प्राणी दुसऱ्या अल्प मात्रेने दगावू शकतो. या प्रकारच्या पुढील प्रयोगांत गिनीपिग हा प्रमुख प्रायोगिक प्राणी ठरला.

महाराष्ट्रातही ससा व गिनीपिग यांचा आधुनिक विज्ञानाशी संबंध प्रयोगशाळेतूनच आला. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला. हाफकिन यांनी आपली लस प्रथम सशांवर आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःवर टोचून पाहिली. १९०५ पासून काम करणाऱ्या प्लेग आयोगाने मुंबईतील प्लेगग्रस्त घरांत गिनीपिग सोडून त्यांच्या अंगावर गोळा होणाऱ्या पिसवांची मोजणी केली. ज्या साथीने सातारा जिल्ह्यातील गावे ओस पाडली, तिच्या संशोधनात हे प्राणी मनुष्याच्या वतीने वावरले. पुढे असे आढळून आले की, अशा प्राण्यांची निगा राखणाऱ्या प्रयोगशाळेतील सेवकांना व संशोधकांनाच शिंका, दमा आणि अंगावर गांधी यांचा त्रास होतो. लहान प्राण्यांच्या वावड्याविषयीचे पद्धतशीर ज्ञान प्रामुख्याने याच कामगारवर्गाच्या निरीक्षणातून जमा झाले आहे.

३

रक्तात काही आहे, याचा पहिला निर्णायक पुरावा १९२१ मध्ये ब्रेस्लाऊ येथे मिळाला. क्युस्टनर यांना माशांचे वावडे होते. त्यांचा रक्तरस प्राउस्निट्झ यांनी स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तेथे गांध उठली. वावडे रक्तातून दुसऱ्याच्या त्वचेत नेता येते, हे त्यामुळे सिद्ध झाले. तथापि या परीक्षेला दुसऱ्या मनुष्याचे शरीर लागे आणि रक्तातून काविळीसारखा रोग संक्रमित होण्याचा धोका असे. म्हणून पुढे ती त्याज्य ठरली.

रक्तातील तो घटक इतका अल्प होता की, तो हाती लागण्यास आणखी पंचेचाळीस वर्षे गेली. १९६६ मध्ये डेन्व्हर येथे इशिझाका दांपत्याने आणि १९६७ मध्ये उप्साला येथे योहान्सन व बेनिक यांनी तो स्वतंत्रपणे ओळखला. एकाच वस्तूला दोन ठिकाणी दोन नावे पडली होती. १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने 'इम्युनोग्लोब्युलिन ई' (संक्षेपाने 'आयजीई') हे एकच नाव निश्चित झाले. तत्पूर्वीच, १९६७ मध्ये, वाइड, बेनिक आणि योहान्सन यांनी रक्तपरीक्षेची रीत प्रसिद्ध केली होती. ज्या पदार्थाचा संशय असेल त्याचे प्रथिन एका घन आधारावर पक्के बसवावयाचे व त्यावर रुग्णाचा रक्तरस सोडावयाचा. त्या प्रथिनाला जुळणारे आयजीई प्रतिपिंड त्याला चिकटून राहतात आणि बाकीचे धुऊन जातात. मग या प्रतिपिंडांना चिकटणारे, किरणोत्सर्गी खूण केलेले दुसरे प्रतिपिंड सोडून त्या खुणेचे मापन करावयाचे. कालांतराने किरणोत्सर्गी खुणेची जागा विकरांनी व प्रतिदीप्तीने घेतली. तत्त्व मात्र बदलले नाही.

४

ही परीक्षा मराठी मुलुखात आली तेव्हा तिला संज्ञाही हव्या होत्या. या बाबतीत सातारा जिल्ह्याचा वाटा विशेष आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाचे कार्य चालले. त्याचा परिभाषासंग्रह १९७३ मध्ये आणि पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच मुलुखाच्या दक्षिणेस मिरज हे वैद्यकाचे केंद्र होते. डॉ. वॉनलेस यांचे मिशन रुग्णालय तेथे १८९४ साली उघडले आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ मध्ये सुरू झाले. १९४९ साली साताऱ्यापासून वेगळा होऊन 'दक्षिण सातारा' म्हणून ओळखला गेलेला हा जिल्हा १९६० मध्ये 'सांगली' झाला.

परिभाषाकारांपुढे तीन मार्ग होते. हिंदीतील 'प्रत्यूर्जता' हा शब्द ग्रीक घटकांच्या धर्तीवर बेतलेला आहे. मराठी परिभाषेतील 'अधिहर्षता' हा शब्द निराळ्या वाटेने जातो. 'हर्ष' या शब्दाचा एक जुना अर्थ अंगावर काटा उभा राहणे असा आहे व 'रोमहर्ष' या शब्दात तो आजही टिकून आहे. त्यामुळे त्वचेवर उमटणाऱ्या प्रतिक्रियेचे चित्र या शब्दात आपोआप येते. तिसरा मार्ग 'वावडे' हाच शब्द शास्त्रात घेण्याचा होता. तो पुरेसा शास्त्रीय वाटला नसावा. लोकांनी मात्र 'ॲलर्जी' हा शब्द जसाच्या तसा उचलला आणि 'वावडे' जेवणाच्या पानापुरते व 'त्याला शिस्तीचे वावडे आहे' अशा लाक्षणिक प्रयोगांपुरते मागे राहिले.

५

शब्दांची ही निवड निरुपद्रवी नाही, हे लहान प्राण्यांच्या बाबतीत दोन प्रकारे दिसून येते.

पहिला प्रकार प्राण्यांच्या नावांचा. परीक्षेतील प्रथिनांना १९८६ पासून एका आंतरराष्ट्रीय पद्धतीने नावे दिली जातात. प्राण्याच्या शास्त्रीय नावातील प्रजातीची पहिली तीन अक्षरे, जातीचे एक अक्षर आणि क्रमांक, अशी ही रचना आहे. छोट्या उंदराचे 'मस एम १', मोठ्या उंदराचे 'रॅट एन १', गिनीपिगचे 'कॅव्ह पी १', सशाचे 'ओरी सी १'. ही प्रथिने केसांपेक्षा प्राण्याची लाळ, मूत्र आणि त्वचेचा कोंडा यांत आढळतात. शास्त्राने येथे जातीजातींत भेद केला आहे. मराठी व्यवहारात तो नाही. 'उंदीर' या एका शब्दात दोन भिन्न प्रजाती सामावतात आणि हॅम्स्टरला आपले नाव नसल्याने त्यालाही पुष्कळदा उंदीरच म्हटले जाते. 'ससा' म्हणजे माणदेशाच्या माळावरचा रानससाही आणि पिंजऱ्यातला पांढरा युरोपीय ससाही. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने त्यांच्या प्रजाती वेगळ्या आहेत. विटा किंवा फलटण येथे काढलेले रक्त पुष्कळदा दूरच्या मोठ्या प्रयोगशाळेकडे जाते. तेथे कोणत्या प्रथिनाशी ते ताडून पाहावयाचे, हे चिठ्ठीवरील शब्दावरून ठरते. शब्द संदिग्ध असेल तर परीक्षा अचूक होऊनही उत्तर चुकीच्या प्रश्नाचे मिळते. ससा, गिनीपिग, हॅम्स्टर, उंदीर यांची एकत्रित परीक्षाही असते. तिचा होकार समूहापुरताच असतो, त्यातील प्राणी तो सांगत नाही.

दुसरा प्रकार याच्या उलट आहे. परीक्षा जे दाखविते ते रक्तातील प्रतिपिंडांचे अस्तित्व होय. प्रतिलिटर ०.३५ किलोएकक ही त्याची रूढ सीमा असून अलीकडील उपकरणे ०.१ पर्यंतही मापन करतात. परंतु प्रतिपिंड असूनही ज्यांना प्राण्याजवळ काहीच त्रास होत नाही अशी माणसे असतात. आणि प्रतिपिंड न सापडताही काहींना पिंजऱ्याजवळ शिंका येतात. तेथे कारण प्राणी नसून त्याचे सुके गवत, खालचा भुसा, त्यांतील बुरशी किंवा सूक्ष्म कीटक असू शकते. म्हणूनच परीक्षेचा अर्थ रुग्णाच्या हकिकतीशी ताडूनच लावावा, असा वैद्यकाचा दंडक आहे. कागदावर 'ॲलर्जी पॉझिटिव्ह' असे वाचून मुलाचा ससा घराबाहेर काढला जातो, तेव्हा हा दंडक मोडलेला असतो. आणि कागद निर्दोष आला म्हणून मुलाच्या दम्याकडे दुर्लक्ष होते, तेव्हाही तो मोडलेलाच असतो. दम्याच्या बाबतीत दुसरी चूक अधिक घातक ठरू शकते.

६

'ॲलर्जी' या संज्ञेने रक्तातील खूण आणि देहाला होणारा त्रास यांना एकच नाव दिले. 'वावडे' हा शब्द त्रासाशिवाय वापरताच येत नाही. ज्याला काहीच होत नाही, त्याला अमुक गोष्टीचे वावडे आहे असे मराठी मनुष्य म्हणणार नाही. म्हणून रक्तातील स्थितीसाठी 'संवेदीकरण' आणि प्रत्यक्ष त्रासासाठी 'वावडे' असा भेद राखल्यास अहवाल वाचणाऱ्या कुटुंबाला दोन्ही गोष्टी निरनिराळ्या दिसतील. प्राण्यांच्या नावांत मराठीने शास्त्राकडून काटेकोरपणा घ्यावयास हवा. रोगाच्या नावात शास्त्राला देण्याजोगे मराठीपाशी पूर्वीपासूनच आहे. वाईच्या कोशकार्याची आणि मिरजेच्या वैद्यकाची परंपरा ज्या भूमीत आहे, तेथील रुग्णालयांच्या चिठ्ठ्यांत व अहवालांत हा भेद रूढ होणे दुर्घट नाही.