ग्रुनफेल्डच्या आधीचा ग्रुनफेल्ड

वर्तकनगरच्या म्हाडा वसाहतीत रविवारची स्पर्धा. काळी मोहरी तुमची. समोरच्याने वजिरापुढचं प्यादं दोन घरं सारलं, तुम्ही घोडा काढलात. त्याचं सी४, तुमचं जी६, एकच घर. त्याचाही घोडा आला आणि तुम्ही डी५ खेळलात. क्लासचे सर याला ग्रुनफेल्ड म्हणतात. घड्याळाचं बटण दाबा आणि मागे चला.

आधी थांबा १८१४ च्या मुंबईत. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं संस्कृतातलं बुद्धिबळ इथे इंग्रजीत छापलंय, तेही युरोपीय नियमांना जुळवून घेत. कारण देशी खेळ निराळा: प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जाणार, कॅसलिंग नाही, त्याऐवजी राजाला एकदाच घोड्याची उडी.

आता थोडं पुढे या आणि उतरा कलकत्त्यात, २२ मे १८५५. पांढरी मोहरी बॅरिस्टर जॉन कॉक्रन यांची, काळी महेशचंद्र बॅनर्जींची. घड्याळ लावून खेळायची पद्धत अजून आलेली नाही, तेव्हा बॅनर्जींच्या मागे निवांत उभे राहा. घोडा, जी६, डी५. तुमच्याच चाली! मग उंट जी७ वर. साहेब मंडळी पटाचा मध्य प्याद्यांनी भरतात. बॅनर्जी तो भरू देतात आणि आठव्या चालीला सी५ टाकून त्यालाच धडक देतात. एकेक घर सरकणाऱ्या प्याद्यांवर वाढलेल्या हाताला ही मांडणी सवयीची होती, असं मानतात. मला ते पटतं.

आता नीट बघा. अठरावी चाल. कॉक्रनचा घोडा एफ७ चं प्यादं मारून बसलाय. बॅनर्जींना दिसतो तो पांढरा वजीर, बी३ वरचा, आणि ते त्याच्यावर घोडा घालतात. ओरडून उपयोग नाही, कुणाला ऐकू जायचं नाही. घोडा एच६, दुहेरी शह. राजा कोपऱ्यात. मग वजीर जी८ वर, फुकट! हत्तीला तो मारावाच लागतो आणि राजा आपल्याच मोहऱ्यांत कोंडला जातो. घोडा पुन्हा एफ७. मात.

ओपनिंग बिचारी निर्दोष होती. पण हरलेल्या डावावरून बारसं कोण करणार? ते झालं १९२२ साली, अर्न्स्ट ग्रुनफेल्डने व्हिएन्नात याच मांडणीने आलेखाइनला हरवलं तेव्हा.