दप्तराचं नव्हे, विषयांचं ओझं

गेल्या रविवारी नांदेडहून नातीचा फोन आला. ती अकरावीला आहे. इंग्रजी, मराठी, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र असे सहा विषय, शिवाय पहाटे सहाला शिकवणी आणि रात्री टेस्ट. म्हणाली, "आजोबा, चार महिन्यांत माझी एकही झोप पूर्ण झाली नाही. गणित सोडून देऊ का?"

मी लगेच काही बोललो नाही. संध्याकाळी धरणाच्या बाजूला फिरायला गेलो आणि तिथं बसून बराच वेळ जुनं काहीबाही आठवत राहिलो.

आमचं सिद्धेश्वर म्हणजे पूर्णा नदीवरचं गाव. आज हिंगोली जिल्ह्यात आहे, पण १९९९ पर्यंत आम्ही परभणी जिल्ह्यातलेच. त्याच्याही आधी, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, निजामाच्या राज्यातले. माझे चुलते त्या काळात परभणीला शिकायला होते. घरी मराठी, शाळेत वरच्या वर्गांत मात्र सगळे विषय उर्दूतून. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघालं, तिथलं माध्यमच उर्दू होतं, त्यामुळे खालच्या शाळांचा ओढाही तिकडेच. काका सांगायचे, त्रिकोणाला 'मुसल्लस' म्हणायचं आणि वर्तुळाला 'दायरा'. भूमिती कळत होती, पण ती कळल्याचं परक्या भाषेत सिद्ध करावं लागे. ते मॅट्रिकच्या आधीच शाळा सोडून शेतीवर आले. म्हातारपणीही बांधावर काठीने त्रिकोण काढून मला प्रमेय समजावून सांगायचे, मराठीतून. त्यांचं ओझं विषयाचं नव्हतंच, भाषेचं होतं.

माझ्या वेळेपर्यंत भाषा आपली झाली होती. मी १९६८ साली अकरावीची जुनी मॅट्रिक झालो. त्याच वर्षी आमचं धरण पुरं झालं, म्हणून साल पक्कं लक्षात आहे. तेव्हा हायस्कूलमध्येच वाटा फुटायच्या. ज्यांना झेपेल त्यांनी वरचं गणित घ्यायचं, बाकीच्यांनी साधं अंकगणित. ऐकायला सोय वाटते. पण आमच्या शाळेत वरचं गणित शिकवायला मास्तरच नव्हते, म्हणून अख्ख्या वर्गाला साधं गणित दिलं गेलं. ते घेतलं की विज्ञानाचा रस्ता बंद, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. मी बी.ए. झालो, इतिहास शिकवला, त्यात रमलोही. तक्रार नाही. पण माझी वाट मी निवडली असं मला कधीच म्हणता आलं नाही. माझ्या धाकट्या बहिणीचं तर विचारूच नका. "मुलीला कशाला बीजगणित?" या एका वाक्यात तिचा निकाल लागला.

१९७३ साली मी शिक्षक झालो आणि नेमका नव्या आकृतिबंधाच्या धामधुमीत सापडलो. कोठारी आयोगाने (१९६४ ते ६६) दहा अधिक दोन अधिक तीन अशी रचना सुचवली होती आणि पहिल्या दहा वर्षांत गणित व विज्ञान सर्वांना सक्तीचं असावं असंही म्हटलं होतं. आपल्या राज्यात मार्च १९७५ मध्ये नव्या दहावीची पहिली तुकडी आणि जुन्या अकरावीची शेवटची तुकडी एकाच वर्षी परीक्षेला बसली. तो गोंधळ आठवला की अजून धाप लागते! एकाच शाळेत दोन अभ्यासक्रम, खोल्या कमी, मास्तर त्याहून कमी. मी इतिहासाचा माणूस, सकाळी अकरावीला जुनं पुस्तक आणि दुपारी दहावीला नवं. पोरं रडकुंडीला यायची. आम्ही शिक्षक खोलीत बसून नव्या अभ्यासक्रमाला शिव्या घालायचो.

पण आज मागे वळून पाहताना वाटतं, त्या ओझ्यानेच माझ्या बहिणीसारख्या कितीतरी मुलींच्या हाती बीजगणित दिलं. सक्ती होती म्हणून घरच्यांना नाही म्हणता आलं नाही. म्हणजे ओझं वाईटच असतं असं नाही. ते कुणी दिलं आणि कशासाठी दिलं, हे पाहावं लागतं.

आता जे सांगणार आहे ते मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही. पुढे आमच्याकडे अकरावी-बारावी विज्ञान सुरू झालं. एक हुशार मुलगा होता, वडील शेतमजूर. त्याचा कल यंत्रांकडे, पण वडिलांना डॉक्टर हवा होता. माझ्याकडे सल्ल्याला आले. मी ऐटीत सांगितलं, "गणित घे आणि जीवशास्त्रही घे. दोन्ही दारं उघडी राहतील." माझ्यासाठी एक दार बंद झालं होतं ना, त्याचं उट्टं मी त्याच्यावर काढलं. त्याने दोन वर्षं जीव तोडून अभ्यास केला. शेवटी इंजिनिअरिंगला गुण कमी पडले आणि मेडिकललाही. नंतर त्याने मोटारी रिवाइंड करण्याचं दुकान टाकलं. बऱ्याच वर्षांनी भेटला, पाया पडला, चहा पाजला. हसत म्हणाला, "सर, दोन दारं उघडी होती खरी, पण मी उंबऱ्यावरच बसून राहिलो." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

आजची गोष्ट तर आणखी विचित्र. नीटमध्ये गणित नाही, जेईईमध्ये जीवशास्त्र नाही. बारावीला दोन्ही घेणारं मूल एका परीक्षेसाठी निरुपयोगी ठरणारा विषय दोन वर्षं वाहतं, केवळ घरच्यांच्या भीतीपोटी. आमच्या पिढीला वाट नव्हती म्हणून त्रास झाला, यांना एकही वाट सोडायचा धीर होत नाही म्हणून होतो.

आमच्या याच मुलखातले, नांदापूरला १९३२ साली जन्मलेले नरहर कुरुंदकर इंटरच्या परीक्षेत अडखळत राहिले. पण वाचन त्यांनी सोडलं नाही. नांदेडला आधी शाळेत शिकवलं आणि पुढे पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. प्रत्येकाला हे जमेल असं नाही. पण आवड हातची गेली नाही तर माणूस उशिरा का होईना पोचतो, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही.

असो. दुसऱ्या दिवशी मीच नातीला फोन केला. म्हटलं, "सल्ला देत नाही, एकदा देऊन पस्तावलोय. फक्त सांग, कुणी सांगितलं नाही तरी कोणतं पुस्तक आपणहून उघडतेस?"

थोडा वेळ ती गप्प होती. मग हळूच म्हणाली, "गणिताचं."

"मग सोडायचं ते का विचारतेस?"

"बाबांना मेडिकल हवंय ना."

म्हणजे मला वाटलं होतं त्याहून प्रकरण अवघड निघालं. सोडायचा विषय दुसराच आहे, आणि ते तिच्या बापाला सांगायला हवं. तो माझाच मुलगा. त्याच्या अकरावीच्या अर्जावर विषय मीच भरले होते, त्याला न विचारता. आज रात्री त्याच्याशी बोलायचं ठरवलंय. सुरुवात तिथूनच करावी म्हणतो.